स्नायूंच्या दुखण्यावर कोरडी सुई : ड्राय नीडलिंग उपचारपद्धतीची ओळख

अजिंठ्याच्या जगप्रसिद्ध लेण्यांच्या पायथ्याशी वसलेले फर्दापूर हे सोयगाव तालुक्यातील गाव. छत्रपती संभाजीनगरहून ते सुमारे शंभर, तर जळगावहून सुमारे साठ कि.मी. अंतरावर आहे. पर्यटकांची खासगी वाहने येथील टी-पॉइंटवर थांबतात आणि पुढचा सुमारे चार कि.मी.चा प्रवास एसटीच्या बसने होतो. लेण्यांच्या पायऱ्या चढणे ज्यांना झेपत नाही, त्यांना डोलीवाले खुर्चीत बसवून, चौघांच्या खांद्यावर वाहून नेतात. आसपासच्या शिवारात कपाशीचे पीक मोठे. वेचणीच्या हंगामात मजूर स्त्रिया कमरेला झोळी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचतात. डोलीवाल्याचा खांदा, वेचणी करणारीची कंबर, घाटातून रोज गाडी चालवणाऱ्या चालकाची मान आणि शहरात संगणकासमोर आठ तास बसणाऱ्याची पाठ यांचे दुखणे वरकरणी निरनिराळे वाटते. मात्र त्यातील बरेचसे एकाच ठिकाणी उगम पावते आणि ते ठिकाण म्हणजे स्नायू.

मराठीत या दुखण्याला नावे भरपूर आहेत. उसण भरणे, चमक निघणे, मान धरणे, कंबर धरणे, पोटरीत गोळा येणे हे शब्द घरोघरी वापरले जातात. त्यावर शेकणे, चोळणे, लेप लावणे, तुंबडी लावणे असे उपायही पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. गेल्या काही दशकांत यात एका नव्या उपायाची भर पडली आहे. अतिशय बारीक, औषधविरहित सुई थेट दुखऱ्या स्नायूत टोचून त्यातील ताण सैल करण्याच्या या पद्धतीला ‘ड्राय नीडलिंग’, म्हणजेच कोरड्या सुईचा उपचार असे म्हणतात. महानगरांतील फिजिओथेरपी केंद्रांत आणि खेळाडूंच्या उपचारकक्षांत ती रूढ झाली आहे. तिच्याविषयी अवास्तव अपेक्षा जशा आढळतात, तशीच अनाठायी भीतीही आढळते. त्यामुळे ती काय आहे, कोणाला उपयोगी पडते आणि तिचे धोके कोणते, हे नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

‘कोरडी’ का म्हणतात?

इंजेक्शनची सुई आतून पोकळ असते, कारण तिच्यातून औषध शरीरात सोडायचे असते. ड्राय नीडलिंगची सुई भरीव असते. तिच्यातून कोणतेही द्रव आत जात नाही, म्हणून ती ‘कोरडी’. नेहमीच्या इंजेक्शनसाठी वापरल्या जाणाऱ्या २३ गेजच्या सुईची जाडी सुमारे ०.६ मि.मी. असते. कोरडी सुई साधारणतः ०.१६ ते ०.३० मि.मी. जाडीची, म्हणजे तिच्या निम्म्याहून अधिक जाड नसते. लांबी मात्र स्नायूच्या खोलीप्रमाणे बदलते. मानेच्या वरवरच्या स्नायूसाठी २५ मि.मी.ची सुई पुरते, तर नितंबाच्या खोल स्नायूपर्यंत पोचण्यासाठी ७५ मि.मी.ची सुईही लागू शकते.

उपचाराचे दोन मुख्य प्रकार आहेत. वरवरच्या प्रकारात सुई त्वचेखालील थरापर्यंतच नेली जाते आणि काही काळ तशीच ठेवली जाते. ब्रिटनमधील डॉ. पीटर बाल्ड्री यांनी या प्रकाराचा पुरस्कार केला. खोल प्रकारात सुई थेट स्नायूतील दुखऱ्या बिंदूत जाते. काही उपचारक सुयांना सौम्य विद्युतप्रवाहही जोडतात.

ट्रिगर पॉइंट म्हणजे काय?

या उपचाराचे लक्ष्य असते ‘ट्रिगर पॉइंट’. ताणलेल्या स्नायूवरून बोट आडवे फिरवले, तर कधी कधी दोरीसारखा एक घट्ट पट्टा हाताला लागतो. त्या पट्ट्यात एखादी जागा अशी असते, की ती दाबताच रुग्ण दचकतो. बोली भाषेत तिलाच ‘गाठ’ म्हणतात. ही गाठ शरीरात वाढणाऱ्या अर्बुदाच्या गाठीसारखी नसते. तेथे स्नायूतंतूंचा लहानसा भाग आखडून राहिलेला असतो.

या बिंदूचे वैशिष्ट्य असे, की तो दाबला असता वेदना दुसरीकडेही उमटते. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस स्नायूतील बिंदू कानामागे आणि कानशिलात दुखवतो. त्यामुळे असा रुग्ण अनेकदा डोकेदुखीची तक्रार घेऊन येतो. नितंबाच्या ग्लुटिअस मिनिमस या स्नायूतील बिंदूची कळ मांडीच्या व पोटरीच्या बाहेरच्या बाजूने घोट्यापर्यंत उतरते आणि रुग्णाला ‘सायटिका’ झाल्यासारखे वाटते. दुखणे एकीकडे आणि उगम दुसरीकडे, असा हा प्रकार असल्याने केवळ दुखऱ्या जागी मलम चोळून आराम पडत नाही.

असे बिंदू का तयार होतात, याचे सर्वमान्य स्पष्टीकरण अद्याप मिळालेले नाही. सर्वाधिक चर्चेत असलेली उपपत्ती अशी : स्नायूवर वारंवार किंवा दीर्घकाळ ताण पडला, की मज्जातंतू जेथे स्नायूला मिळतो तेथे अॅसिटिलकोलीन हे रसायन गरजेपेक्षा जास्त स्रवते. परिणामी तंतूंचा तेवढा भाग आखडून राहतो. आखडलेल्या भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि प्राणवायूचा पुरवठा घटतो. आकुंचन सोडण्यासाठी स्नायूला ऊर्जा लागते, आणि नेमकी तीच अपुरी पडते. असे हे दुष्टचक्र आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॉ. जय शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये व नंतर अतिसूक्ष्म सुईने अशा बिंदूंतील द्रव काढून तपासला. दुखऱ्या बिंदूंत आम्लता आणि वेदना जागवणारी रसायने अधिक असल्याचे त्यांना आढळले.

इतिहास : लंडन, प्राग, व्हँकुव्हर

स्नायूतील वेदना दूरवर उमटते, हे १९३८ मध्ये लंडनच्या डॉ. जे. एच. केलग्रेन यांनी दाखवून दिले. त्यांनी स्वयंसेवकांच्या स्नायूंत मिठाचे तीव्र द्रावण टोचले आणि कळ कोठवर पसरते याचे नकाशे काढले. त्यानंतर अमेरिकेच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी आयुष्यभर या विषयाचा पाठपुरावा केला. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या पाठदुखीवर त्यांनीच उपचार केले आणि १९६१ मध्ये त्या व्हाइट हाऊसच्या वैद्य झाल्या. डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या ट्रिगर पॉइंटविषयक ग्रंथाचा पहिला खंड १९८३ मध्ये आणि दुसरा १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ आजही या विषयाचा आधारग्रंथ मानला जातो.

सुरुवातीला या बिंदूंत बधिरता आणणारे औषध टोचत असत. गुण औषधाचा की सुईचा, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला. चेकोस्लोव्हाकियातील डॉ. कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये ‘पेन’ या नियतकालिकात २४१ रुग्णांच्या ३१२ दुखऱ्या जागांचा अनुभव मांडला. नुसती सुई नेमक्या बिंदूवर टोचताच ८६.८ टक्के जागांतील वेदना तत्काळ शमली होती. पुढे पाठपुरावा झालेल्या २८८ जागांपैकी ९२ जागांत आराम कायम टिकला, ५८ जागांत काही महिने, ६३ जागांत काही आठवडे आणि ३२ जागांत काही दिवस. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्याची मर्यादा होय. तरीही औषधाविना सुई काम करते, या विचाराला त्याने चालना दिली. पुढे १९९४ मध्ये डॉ. चांग-झर्न हाँग यांनी बधिरतेचे औषध आणि कोरडी सुई यांची तुलना केली. सुईमुळे स्नायू क्षणभर फडफडला तरच आराम पडतो, असे त्यांना दिसले. औषधाचा फायदा एवढाच, की त्यामुळे उपचारानंतरचा ठणका कमी राहतो.

कष्टकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास कॅनडातला. डॉ. चॅन गन हे ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील कामगार भरपाई मंडळात काम करीत. कामावर जायबंदी झालेले आणि कंबरदुखीने घरी बसलेले कामगार त्यांच्याकडे येत. गन आणि सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या ५६ पुरुष रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार दिले आणि एका गटाला त्याबरोबर कोरडी सुईही दिली. सरासरी २७ आठवड्यांनंतर सुई घेतलेल्या २९ जणांपैकी १८ जण मूळ किंवा तत्सम कामावर परतले होते आणि १० जण हलक्या कामावर. दुसऱ्या गटातील २७ जणांपैकी केवळ ४ जण मूळ कामावर, तर १४ जण हलक्या कामावर परतले आणि ९ जण अद्याप घरीच होते. १९८० मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अभ्यास लहान होता. मात्र त्याने यशाचे मोजमाप वेदनेच्या गुणांकाबरोबरच माणूस कामावर परतला की नाही, यावर केले.

अॅक्युपंक्चर आणि ड्राय नीडलिंग

दोन्हींत सुई तीच असते. विचार मात्र वेगळा आहे. चिनी अॅक्युपंक्चर शरीरातील ऊर्जेच्या प्रवाहमार्गांच्या पारंपरिक कल्पनेवर उभे आहे आणि त्यात सुया ठरावीक बिंदूंवर टोचल्या जातात. ड्राय नीडलिंगमध्ये शरीररचनाशास्त्र आधाराला असते आणि हाताने चाचपून सापडलेल्या दुखऱ्या बिंदूतच सुई जाते. अॅक्युपंक्चरतज्ज्ञांना हा भेद मान्य नाही. दुखरी जागा शोधून तीत सुई टोचण्याची प्रथा चिनी परंपरेतही जुनीच असल्याचे ते दाखवून देतात. आपल्याकडे आयुर्वेदातही वेदनाशमनासाठी सुईने वेध घेण्याचे विद्धकर्म सांगितले आहे. सुईने वेदना शमते, हे निरीक्षण अनेक संस्कृतींनी स्वतंत्रपणे केलेले दिसते.

भारतात अॅक्युपंक्चर आले त्यालाही एक मराठी संदर्भ आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचे निधन झाले. याच पथकातील त्यांचे सहकारी, कोलकात्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अॅक्युपंक्चर आत्मसात केले आणि ते भारतात आणले. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. ड्राय नीडलिंग मात्र प्रामुख्याने फिजिओथेरपिस्ट आणि वेदनाशमनतज्ज्ञ डॉक्टर करतात.

महाराष्ट्रातील वाटचाल

देशातील फिजिओथेरपीच्या शिक्षणाची सुरुवातच मुंबईत झाली. पोलिओग्रस्तांच्या पुनर्वसनाची गरज ओळखून १९५३ च्या सुमारास के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे विद्यालय सुरू झाले. पुढे राज्यभर महाविद्यालये निघाली. फर्दापूरच्या दृष्टीने पाहिल्यास एका बाजूला छत्रपती संभाजीनगर आणि दुसऱ्या बाजूला जळगाव, अशा दोन्ही शहरांत फिजिओथेरपीचे शिक्षण मिळते. २००२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे फिजिओथेरपिस्टची नोंदणी होते. राष्ट्रीय पातळीवर २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याने या व्यवसायाला चौकट मिळाली आहे.

ड्राय नीडलिंगचे तंत्र बहुतेक फिजिओथेरपिस्ट पदवीनंतरच्या लहान कार्यशाळांतून शिकतात. अशा कार्यशाळा काही दिवसांच्याच असतात. त्यामुळे केवळ प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले पाहून समाधान मानण्यापेक्षा उपचारकाचा अनुभव विचारणे शहाणपणाचे ठरते.

मुंबईत या पद्धतीला एक वेगळे वळण मिळाले. ‘आशीर्वाद’ या वेदनाशमन संस्थेच्या डॉ. लक्ष्मी वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीच्या मदतीने ड्राय नीडलिंग करण्याची पद्धत विकसित केली. पडद्यावर स्नायू आणि सुईचे टोक दोन्ही दिसत असल्याने खोलवरच्या स्नायूंपर्यंत, फुप्फुस आणि रक्तवाहिन्या टाळून पोचता येते. हातापायाला इजा झाल्यानंतर काहींना असह्य, जळजळीत वेदना जडते आणि तो अवयव आखडून निकामी होत जातो. सीआरपीएस नावाच्या या विकारात केवळ कोरड्या सुईने स्नायूंची हालचाल कशी परतली, याविषयीचे त्यांचे निरीक्षण २०१६ मध्ये ‘पेन फिजिशियन’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

उपचार कसा होतो?

पहिली पायरी तपासणीची. दुखणे कधी सुरू झाले, कोणत्या हालचालीने वाढते, रुग्ण काम कोणते करतो, झोपतो कसा, कोणती औषधे घेतो, याची विचारपूस होते. मग स्नायू चाचपून घट्ट पट्टा आणि त्यातील दुखरा बिंदू शोधला जातो. तो दाबल्यावर ‘हेच ते नेहमीचे दुखणे’ असे रुग्णाने ओळखणे, ही महत्त्वाची खूण मानतात.

रुग्णाला शक्यतो झोपवूनच उपचार करतात, कारण सुई पाहून काहींना भोवळ येते. त्वचा जंतुनाशकाने पुसून, नवे निर्जंतुक पाकीट फोडून सुई काढली जाते. बारीक नळीतून हलकी टिचकी मारताच ती त्वचेतून आत जाते. हे टोचणे बहुधा जाणवतही नाही. सुई बिंदूत पोचली, की ती किंचित वरखाली केली जाते. तेव्हा स्नायू क्षणभर आपोआप फडफडतो. पेटका आल्यासारखी ही जाणीव चमकवणारी असली तरी क्षणात ओसरते. एका बैठकीला सुईचा भाग साधारणतः दहा ते वीस मिनिटांत आटोपतो.

पुढचे एकदोन दिवस ती जागा दुखते. खूप व्यायाम केल्यानंतरच्या ठणक्यासारखे हे दुखणे असते. शेकल्याने आणि हलक्या हालचालीने ते कमी होते. बैठका किती लागतील हे दुखण्यावर अवलंबून असते. मात्र तीनचार बैठकांनंतरही काहीच फरक नसेल, तर त्याच मार्गाने पुढे जात राहण्यापेक्षा निदानाचा फेरविचार करणे योग्य.

सुईने स्नायू सैल झाला, तरी तो आखडण्याचे कारण कायम असते. म्हणून ताण देण्याचे आणि स्नायू बळकट करण्याचे व्यायाम, बसण्या-उठण्याच्या सवयींत बदल आणि कामाच्या पद्धतीत सुधारणा ही उपचाराची दुसरी, अधिक महत्त्वाची बाजू ठरते. डोलीवाल्याने खांदा आलटून पालटून वापरणे, वेचणी करणारीने झोळी लवकर रिकामी करणे आणि अधूनमधून पाठ सरळ करणे, संगणकावर काम करणाऱ्याने दर अर्ध्या-पाऊण तासाने उठणे, हे उपाय साधे वाटले तरी त्यांच्याविना सुईचा गुण फार काळ टिकत नाही.

गुण किती येतो?

पुरावा आश्वासक आहे, पण मर्यादित आहे. कंबरदुखीवरील ३५ चाचण्यांचा आढावा घेऊन कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी २००५ मध्ये असा निष्कर्ष काढला, की अॅक्युपंक्चर व ड्राय नीडलिंग ही जुनाट कंबरदुखीत इतर उपचारांना पूरक म्हणून उपयोगी पडू शकतात. २०१३ मध्ये डॉ. डेव्हिड किएट्रिस व सहकाऱ्यांच्या आढाव्यात मान व खांद्याच्या स्नायूदुखीत बनावट उपचाराच्या तुलनेत सुईनंतर लगेच आणि चार आठवड्यांनी आराम दिसला. २०१७ मध्ये एरिक गॅटी व सहकाऱ्यांनी केलेल्या आढाव्यातून फिजिओथेरपिस्टने दिलेल्या ड्राय नीडलिंगचा परिणाम बारा आठवड्यांपर्यंत दिसला. मात्र पुराव्याचा दर्जा अतिशय कमी ते मध्यम असल्याचे, तसेच दीर्घकालीन लाभ सिद्ध झालेला नसल्याचे त्यांनी स्पष्ट केले.

मूळ संकल्पनेवरही आक्षेप आहेत. २०१५ मध्ये ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन यांनी ट्रिगर पॉइंटची संपूर्ण उपपत्तीच पुराव्यावर टिकत नाही, असे प्रतिपादन केले. एकाच रुग्णाला दोन तपासनिसांनी तपासले, तर दोघांना बिंदू एकाच जागी सापडतील याची खात्री नसते, हा त्यांच्या आक्षेपांतील कळीचा मुद्दा. शिवाय चाचणीत रुग्णाला खरी सुई की खोटी, हे कळू न देणे कठीण असते. त्यामुळे गुण सुईचा किती आणि विश्वासाचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. एवढे मात्र खरे, की ‘एका सुईत दुखणे गायब’ अशा जाहिरातींना कोणत्याही अभ्यासाचा आधार नाही.

धोके कोणते?

आयर्लंडमधील ३९ फिजिओथेरपिस्टनी केलेल्या ७,६२९ उपचारांच्या पाहणीत (२०१४) सुमारे १९ टक्के वेळा किरकोळ त्रास नोंदवला गेला. त्यात काळेनिळे होणे, किंचित रक्त येणे आणि दुखणे हे मुख्य होते. एकही गंभीर दुर्घटना नव्हती. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०,४६४ बैठकांच्या पाहणीत किरकोळ त्रासाचे प्रमाण ३६.७ टक्के होते आणि गंभीर दुर्घटना २०, म्हणजे सुमारे हजार बैठकांमागे एक, होत्या.

सर्वांत भयावह धोका फुप्फुसाचा. खांद्याचा वरचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि बरगड्यांमधील जागा येथे स्नायूंच्या खाली काही सेंटिमीटरवरच फुप्फुस असते. सुई खोल गेल्यास त्याला छिद्र पडते, हवा छातीच्या पोकळीत साठते आणि फुप्फुस आकसते. अमेरिकेचा स्कीपटू टोरिन येटर-वॉलेस याला २०१३ मध्ये अशाच उपचारानंतर या संकटाला तोंड द्यावे लागले होते. उपचारानंतर काही तासांत, क्वचित दुसऱ्या दिवशी, धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे किंवा कोरडा खोकला सुरू होणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी ‘सुईचा ठणका असेल’ म्हणून घरी न थांबता रुग्णालयात छातीचा एक्स-रे काढून घेणे अत्यावश्यक असते.

दुसरा धोका संसर्गाचा. वापरलेली सुई पुन्हा वापरल्यास कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. सुई एकाच रुग्णासाठी, एकदाच वापरायची असते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार वापरलेल्या सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात टाकणे बंधनकारक आहे. उपचारकक्षात तो डबा आहे का, हे रुग्णाला सहज पाहता येते.

कोणी टाळावे?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, रक्त न गोठण्याचा विकार असणारे, त्या जागी जंतुसंसर्ग किंवा जखम असणारे यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना हा उपचार घेऊ नये. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज राहत असल्यास त्या हातात सुई टोचू नये. अनियंत्रित मधुमेह, दुर्बल प्रतिकारशक्ती, गर्भावस्था, धातूची अॅलर्जी यांची कल्पना आधीच द्यावी. पेसमेकर बसवलेल्यांनी विद्युतप्रवाह जोडलेली सुई घेऊ नये. ज्यांना सुईची आत्यंतिक भीती वाटते, त्यांच्यासाठी दाब, शेक आणि व्यायाम हे पर्याय आहेतच.

प्रत्येक दुखणे स्नायूचे नसते

अजिंठा पाहून परतलेल्या पर्यटकाच्या पोटऱ्या आणि मांड्या दुसऱ्या दिवशी दुखू लागतात. सवय नसताना पायऱ्या चढउतार केल्याचा हा परिणाम असतो. हे दुखणे एक ते तीन दिवसांत शिगेला पोचते आणि आठवडाभरात आपोआप जाते. त्यासाठी सुईची गरज नसते. मात्र लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली, गरम लागू लागली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. अशा पोटरीला चोळणेही धोक्याचे आहे.

डावा खांदा किंवा हात दुखत असताना छातीत दडपण, घाम, धाप असेल, तर शंका प्रथम हृदयाची घ्यावी. कंबरदुखीबरोबर पायातील शक्ती जाणे, जांघेभोवती बधिरपणा येणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही तातडीच्या शस्त्रक्रियेची सूचना असू शकते. पाठदुखीसोबत संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री वाढणारे दुखणे असेल, तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचा विचार करावाच लागतो. अशा रुग्णाला महिनोन्‌महिने सुया टोचत राहिल्यास निदान लांबते आणि कायमचे अपंगत्व येऊ शकते.

परवडण्याचा प्रश्न

शहरातील नोकरदाराला आठवड्यातून एक बैठक घेणे अवघड नसते. फर्दापूरसारख्या गावातील मजुराचे गणित निराळे. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, तर बसभाडे, उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी असा तिहेरी भार पडतो. त्यामुळे जवळच्या दवाखान्यात वेदनाशामक इंजेक्शन घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर जाणे हाच मार्ग उरतो. डायक्लोफिनॅकसारखी औषधे वारंवार घेतल्यास जठरात व्रण होतात, मूत्रपिंडांवर परिणाम होतो आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. दुखणे दबते, खांद्यावरचे ओझे तेवढेच राहते.

यावर कोरडी सुई हे एकमेव उत्तर नाही. ती गावागावांत पोचवण्याची घाईही नको, कारण अर्धवट शिकलेल्या हातातील सुई वेदनाशामक गोळीपेक्षा अधिक घातक ठरेल. सरकारी रुग्णालयांतील फिजिओथेरपी सेवा तालुक्यापर्यंत नियमित मिळणे, नेमके व्यायाम शिकवले जाणे आणि कामाच्या ठिकाणी ओझ्याला मर्यादा असणे, हे त्याआधीचे टप्पे आहेत. ते झाले, तर प्रशिक्षित हातातील सुई हे त्या साखळीतील एक उपयुक्त साधन ठरू शकते.

उपचार घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

• उपचारकाची परिषदेकडे नोंदणी आहे का? ड्राय नीडलिंगचे प्रशिक्षण कोठे व किती दिवसांचे घेतले?

• दुखण्याचे निदान काय? हृदय, मणका, क्षय, रक्ताची गुठळी यांची शक्यता तपासली आहे का?

• सुईचे पाकीट समोर फोडले जाते का? वापरलेल्या सुयांसाठी पांढरा डबा आहे का?

• छाती, खांदा किंवा पाठीच्या वरच्या भागात सुई टोचणार असल्यास फुप्फुसाच्या धोक्याची कल्पना देऊन संमती घेतली का?

• किती बैठकांनंतर गुणाचा आढावा घेतला जाईल?

• सुईबरोबर घरी करावयाचे व्यायाम लिहून दिले आहेत का?